वेंडेलचा डावा हात

डुकराचा पाय धरायला वेंडेल तयार नव्हता. त्याला धरायला मी लावलं. हे आधीच सांगून टाकतो, उगाच मला कोणी भला माणूस समजायला नको.

वेंडेल माझा धाकटा भाऊ, हातोडाफेकीत, म्हणजे तारेला बांधलेला गोळा गरगरा फिरवून फेकण्यात, तीनदा हंगेरीचा विजेता. चार वर्षांपूर्वी तो ऑलिंपिकला निघालाच होता, बॅगसुद्धा भरून झाली होती. पण अमेरिकेतल्या त्या खेळांना मॉस्कोने नाही म्हटलं, बुडापेस्टने मान डोलावली आणि आमचा संघ गेलाच नाही. तेव्हापासून तो पुढच्या ऑलिंपिकची वाट बघत जगत होता. वय एकतीस. ही शेवटचीच संधी होती.

फेब्रुवारीत आमच्या अंगणात डुक्कर कापायचं होतं. सकाळी पालिंकाचा, आमच्या फळांच्या दारूचा, पहिला घोट झाला.

"मी नाही धरणार, दादा. कोचने बजावलंय."

"सात किलोचा गोळा ऐंशी मीटर फेकतोस आणि डुकराला भितोस होय रे?"

खाटीक खो खो हसला. म्हणाला, "राहू द्या, राजपुत्राचे हात मळतील."

वेंडेल उठला. मागच्या पायाचा दोर त्याने डाव्या हाताच्या बोटांना गुंडाळला. आम्ही दोर नुसता मुठीत धरतो, जनावर उसळलं की सोडतो. वेंडेलला मात्र पंधरा वर्षं एकच शिकवलं होतं, शेवटपर्यंत सोडायचं नाही. डुक्कर उसळलं. त्याने सोडलं नाही.

दोन बोटांच्या कंडरा तुटल्या. डॉक्टर म्हणाले, चमचा धरता येईल. पण हातोड्याचा सगळा ताण डाव्या बोटांवरच येतो. मे महिन्यात त्याने फेकून पाहिलं. दुसऱ्याच गिरकीत मूठ निसटली आणि गोळा जाळीवर आदळला. तो तिथेच खाली बसला. मला मरून जावंसं वाटलं, पण असं वाटून कोणी मरत नाही.

ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या दिवशी तो द्राक्षमळ्यात निघून गेला. टीव्ही मी एकट्यानेच पाहिला. तिसऱ्या आलेल्याची फेक वेंडेलच्या गेल्या शरदातल्या फेकीपेक्षा मीटरभर कमी भरली.

दुपारी तो घरी आला. "तिसऱ्याने किती फेकला?"

"तुझ्यापेक्षा दोन मीटर जास्त," मी म्हणालो. "तू जाऊनही काही हाती लागलं नसतं बघ."

तो बराच वेळ हात धूत राहिला.

"मळ्यात रेडिओ होता, दादा."

मग त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि सूप वाढलं. "जेव, गार होतंय," म्हणाला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.