दोन रबरी कडी

गाडीचं तेल घरीच बदलायचं हे त्याच्या डोक्यात कुणी भरवलं, कोण जाणे. छापखान्यात तो माणसापेक्षा उंच यंत्रं चालवायचा, तेव्हा एवढीशी गाडी ती काय, असा त्याचा हिशोब. सकाळीच बाह्या सरसावून त्याने जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, नवं तेल ओतलं, आणि गल्लीतून जाणाऱ्या-येणाऱ्याने कौतुक करावं अशा थाटात बॉनेट दणकन बंद केलं.

आईच्या डोळ्यावरची पट्टी त्या दिवशी निघायची होती. तिला मागच्या सीटवर बसवून बायकोने गाडी चालू केली, तर समोर काट्यांच्या शेजारी पान्याच्या आकाराचा पिवळा दिवा उजळला.

"अहो, हे काय लागलंय?"

"सर्व्हिसची आठवण आहे ती. तेल बदललं तरी गाडीला थोडंच कळतं! संध्याकाळी घालवतो. तू नीघ."

त्यात खोटं काहीच नव्हतं. गाडी वळणाआड गेली आणि तो शीळ घालत पसारा आवरायला बसला.

जुना फिल्टर पिशवीत टाकताना त्याची शीळ थांबली. फिल्टरच्या तोंडाशी खाच होती आणि खाचेत काहीच नव्हतं. तिथे रबराचं कडं असायला हवं होतं. त्याने तेलाच्या ट्रेमध्ये बोटं घालून चाचपलं, चिंध्या झटकल्या, पिशवी उपडी केली. कडं नाही. म्हणजे ते इंजिनालाच चिकटून राहिलं होतं आणि त्याने नवा फिल्टर त्याच्यावर आवळला होता. कड्यावर कडं! तेलाचा दाब वाढला की ते सटकणार आणि सगळं तेल रस्त्यावर.

त्याने फोन लावला. घंटी वाजत राहिली. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, हा बायकोचा नियम, आणि इतकी वर्षं या नियमाचं चारचौघांत कौतुक करणाराही तोच. आईला लावला, तर आईचा फोन स्वयंपाकघरातच वाजला. तो दारापर्यंत गेला, परत आला, चपला शोधू लागला, त्या पायातच होत्या.

खालच्या शिंप्याची स्कूटर मागून घेतली, पाने, फिल्टर सोडवायचा पट्टा आणि तेलाचा उरलेला डबा पायाशी ठेवला आणि तो निघाला. सगळी नजर रस्त्यावर. प्रत्येक ओल्या डागापाशी तो ब्रेक दाबायचा. पेट्रोलपंपाच्या पुढच्या चौकात थेंब दिसले, मग थेंबांची रेघ झाली, आणि रेघेचा चांगला हातभर रुंद पट्टा. 'पाना लागला तरी जा' असं आपणच सांगितलंय, दुसरा दिवा लागला तरी ती थांबणार नाही, हेच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

पट्टा संपला तिथे गाडी कडेला उभी होती. बायको जवळच्या झाडाखाली आईचा हात धरून टॅक्सीची वाट बघत होती.

"इंजिन कधी बंद केलंस?" त्याने धापा टाकत विचारलं.

"तेलाच्या दिव्याची लाल किटली लागली त्या क्षणी."

"पण मी तर म्हटलं होतं..."

"तुम्ही पिवळ्याचं म्हटलं होतं. लालचं मी कुणाला विचारत नाही. औषधांच्या दुकानात रात्रंदिवस लेबलांवरची लाल रेघ बघते मी."

"मी म्हणत होते, दवाखाना आलाच आहे, चल तशीच," आई म्हणाली. "ऐकेल तर शपथ!"

"आई, ऐकलं नाही म्हणून इंजिन वाचलं," तो म्हणाला. बायकोकडे बघायची मात्र त्याची छाती झाली नाही.

टॅक्सीने दोघी पुढे गेल्या. इंजिन निवेपर्यंत तो गाडीभोवती पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरला, मधल्या वेळात पंपावर जाऊन आणखी तेल आणलं. फिल्टर उतरवला, तर आत एकाला एक चिकटलेली दोन रबरी कडी. जुनं नखाने खरवडून काढलं, जागा पुसली, पुन्हा पुसली, बोट फिरवून पाहिलं. फिल्टर बसवला, तेल भरलं, काठी बुडवून पातळी बघितली.

त्याने किल्ली फिरवली. लाल किटली लागली. ती विझली. तरी कान इंजिनाकडेच, कुठे खडखड, कुठे टकटक? काही नाही. खाली वाकून पाहिलं, कोरडं होतं. शिंप्याची स्कूटर झाडाखाली लावून तो गाडीनेच निघाला.

दवाखान्याच्या दारात आई काळा चष्मा लावून उभी होती. चष्मा कपाळावर सरकवून तिने तेलाने काळ्या झालेल्या लेकाला नीट न्याहाळलं.

"अगं, हा कोण कोळशातून आलाय?"

बायको इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. तोही हसला, पण अर्ध्यावरच. परतीच्या वाटेवर त्याने पेट्रोलपंपाशी गाडी थांबवली आणि खाली वाकून पाहिलं. शाळेपाशी पुन्हा थांबवली. तिसऱ्यांदा त्याने ब्रेकवर पाय ठेवला, तेव्हा बायकोने हात पुढे केला.

"किल्ली द्या इकडे. आईंच्या शेजारी बसा मागे. तुम्हाला रस्ताच बघायचा असेल तर खिडकीतून बघा."

तो मागे जाऊन बसला, आणि घर येईपर्यंत काचेला नाक लावून मागचा रस्ता बघत राहिला.