जखम छातीवर का पाठीवर

रहिमतपूरजवळच्या त्या गावात जत्रेचं नाटक यंदा भर दुपारी ठेवलं होतं. उसात बिबट्या फिरत होता, आणि वर्षभर मर्दपणाच्या गप्पा हाणणाऱ्या गावाची अंधारात बाहेर पडायची टाप नव्हती.

नाटक तेच, पणजोबांच्या वेळचं. त्यात एका म्हाताऱ्या सरदाराला मुलगा लढाईत पडल्याची खबर येते. सरदार रडत नाही. तो एवढंच विचारतो, "जखम छातीवर का पाठीवर?" जासूद म्हणतो, "छातीवर." मग सरदार मिशीला पीळ देतो आणि शिट्ट्यांनी मांडव दणाणतो. हा सरदार गेली बावीस वर्षं लालासाहेब करत आले होते. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला माणूस. गावाला दुसरा कोण चालणार?

यंदा मात्र त्यांनी नको म्हणून पाहिलं. "मला न्हाई आता जमायचं."

जासुदाचं काम करणारा कृष्णात हसला. "आवं आबा, तुमच्यासारखा मर्द गडी दुसरा आणायचा कुठनं?"

त्या शब्दाचाच लालासाहेबांना वीट आला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाची, वीरधवलची शवपेटी तिरंग्यात गुंडाळून आली. फौजेची गाडी दरीत कोसळली होती. सगळा गाव बघत होता, मोबाइल वर धरलेले होते, आणि वीस वर्षं घोकलेलं वाक्य लालासाहेबांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "जखम छातीवर का पाठीवर?" पेटीसोबत आलेला जवान गोंधळून गेला. पोराच्याच वयाचा होता तो. गावानं मात्र वाहवा केली, आणि तो व्हिडिओ पार सांगलीपर्यंत फिरला.

त्या दिवसापासून बनुबाई नवऱ्याशी कामापुरतंच बोलत. चहा झालाय. लाइट गेलीय. बस्स. एका घरात दोन वर्षं असं राहून माणूस किती थकतो, ते वाहवा करणाऱ्यांना काय कळणार! लालासाहेबांना बायकोच्या तोंडून पोराबद्दल काहीतरी ऐकायचं होतं. दुसरं काही नको होतं.

तरी ते उभे राहिले. नाही म्हणत बसायचंही त्राण उरलं नव्हतं. अंगरखा चढवला, तलवार कमरेला लावली. बनुबाई बायकांच्यात पुढेच बसल्या होत्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच घराबाहेर येऊन अशा बसल्या होत्या.

कृष्णातनं खबर सांगितली. पोरांनी शिट्टीसाठी बोटं तोंडात घालून ठेवली. लालासाहेबांनी तोंड उघडलं, पण ते वाक्य काही बाहेर येईना. विंगेतून प्रॉम्प्टर दोनदा कुजबुजला, "जखम... जखम..."

"पोरगं," लालासाहेब म्हणाले, "जेवलं व्हतं का?"

कृष्णातनं विंगेकडं पाहिलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, वाक्य चुकलं!" काहीजण हसले. लालासाहेबांच्या रंगवलेल्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"गाडीत बसायच्या आधी... काय खाल्लं व्हतं का त्यानं?"

बनुबाई पदर सावरत उठून उभ्या राहिल्या.

"खाल्लं व्हतं," त्या म्हणाल्या. "चार पुऱ्या. मला फोनवर सांगितलं त्यानं. तुमी इचारायला दोन वर्सं लावली."