देवघरातली किल्ली

अभिमन आबांच्या बंदुकीनं उभ्या आयुष्यात एक रानडुक्कर मारलं होतं, आणि तेही आधीच नाल्यात पडून मेलेलं होतं, असं शेजारचा चिंधा सांगत फिरायचा. तरी धरणगावच्या अलीकडच्या त्या खेड्यात घराला नाव पडलं ते 'बंदूकवाल्यांचं घर'. पीक राखायचा परवाना, एकनळी बंदूक, दसऱ्याला तिला झेंडूची माळ आणि कुंकवाचं बोट. दिपमालाची सोयरीक ठरवायला तिचा बाप आला तेव्हा त्याला आधी मळा दाखवला, मग विहीर, मग बंदूक. घरी जाऊन तो बायकोला म्हणाला, "घर भारी शे." नवऱ्या मुलाबद्दल काही सांगायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

नवरा मुलगा प्रेमराज. माणूस भला. फक्त बापासमोर बोलायचं झालं की तो आधी घसा खाकरायचा, आणि बहुतेक वेळा खाकरण्यावरच थांबायचा.

आबांच्या बाजूनंही एक सांगायला पाहिजे. बंदूक कायम मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात कुलपात असायची आणि किल्ली त्यांच्या करदोड्याला. आंघोळीलासुद्धा ती सुटायची नाही. दिपमालानं सासरी आल्यापासून ते कपाट उघडं पाहिलं नव्हतं. पाहिलं ते त्या श्रावणात, कानबाईच्या वेळी.

कानबाई बसायची म्हणजे घर आरपार धुवून निघालं पाहिजे. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी यायची, भाऊबंद गोळा व्हायचे, सुरतेला मिलमध्ये असलेला धाकटा दीर समाधान बायकापोरासकट यायचा. सासू वच्छलाबाई आठवडाभर आधीपासून कंबर खोचून उभी.

"बठ्ठं बाहेर काढ वं दिपमाला. कानबाई कोपरा-कोपरा देखस."

बठ्ठं म्हणजे बठ्ठं. कोठ्या निघाल्या, पेट्या निघाल्या, भिंतींना चुना लागला. प्रेमराजनं ते लोखंडी कपाट अंगणात ओढून त्याला रंग दिला. श्रावणाची दमट हवा, रंग काही वाळेना. कपाट अंगणातच राहिलं, दोन्ही दारं उघडी टाकून, आणि बंदूक आली मधल्या खोलीत, गोधड्यांच्या थप्पीवर.

"आबा, भरेल शे का?" काडतुसाच्या जागेकडे बोट दाखवत प्रेमराजनं विचारलं.

"भरेलच ऱ्हाऊ दे. माले संध्याकाळले मक्यात जानं शे. डुक्कर काय आपली वाट देखत बसस?"

प्रेमराजनं घसा खाकरला.

दुसऱ्या दिवशी समाधान सुरतेहून आला. पाहुणेरावळे येणार, आल्या-आल्या बंदूक दिसली तर बरं दिसत नाही, म्हणून दिपमालानं स्वतःच्या लग्नातली गोधडी तिच्यावर पांघरली. चांगली चापूनचोपून, बाळाला पांघरावी तशी.

त्याच दुपारी वच्छलाबाईंनी रोटाचे गहू काढले. घरातल्या पुरुषमाणसांच्या नावानं मुठी घ्यायच्या, ते गहू दळायचे, त्याचे रोट करायचे, आणि ते घरच्यांनीच खायचे. आबांची मूठ, प्रेमराजची, समाधानची, आणि समाधानच्या मुलाची, नवीनची. नवीन सहा वर्षांचा, अजून आला नव्हता, आईबरोबर धुळ्याला आजोळी उतरला होता. पण मूठ काही त्याच्यासाठी थांबत नव्हती.

"आजी, मनी मूठ?" पुनमनं विचारलं. ही दिपमालाची मुलगी. चौथीत होती.

"तुनी मूठ तुना सासरमा."

"आनि सासरमा म्हनतीन, तुनी मूठ तुना माहेरमा, मंग?"

बायका खो-खो हसल्या. वच्छलाबाईंनी हसत हसत तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मूठ काही घेतली नाही.

रविवारी सकाळी समाधानची बायको मोहिनी नवीनला घेऊन धुळ्याहून आली. दुपारी पुढच्या घरात देवीसमोर गाणी चालली होती आणि मधल्या खोलीत पोरं गोधड्यांवर उड्या मारत होती. आवाज झाला तेव्हा बायकांना वाटलं फटाका; कानबाईला फटाके फुटतातच. एक-दोघींनी गाण्याचं पुढचं कडवंही उचललं. मग पुनम दारात आली. तिच्या अंगावर चुन्याची भुकटी पडली होती. तिच्या मागून नवीन आला नाही.

कानबाई त्याच दुपारी, वाजंत्रीशिवाय, कुणीतरी भाऊबंदानं उपरण्याखाली झाकून नदीवर नेली. अंगणात माणसं मावेनात, तसं कपाटही पोलीस यायच्या आधीच आत ढकललं गेलं.

दहावं व्हायच्या आधी वकील घरी आले. जिल्ह्याच्या कोर्टात चालणारे, ओळखीतले. चटईवर मांडी घालून बसले. समोर आबा, प्रेमराज आणि डोकं भादरलेला समाधान. दिपमाला दाराआड चहा घेऊन उभी.

"पोलिसांना आतापर्यंत काय सांगितलं?"

"काही नाही," प्रेमराज म्हणाला. "कोनले बोलताच येत नव्हतं."

"ते बरं झालं. आता नीट ऐका. बंदूक भरलेली, उघड्यावर, पोरांच्या हाताशी होती, असं आलं तर आबांवर हयगयीचा गुन्हा. परवाना तर जाईलच, ह्या वयात आतही जावं लागेल. आणि बंदूक कुलपात होती, पोरीनं किल्ली शोधून काढली, असं आलं तर मग आबांनी काळजी घेतलेली होती. राहिली पोरगी. नऊ वर्षांच्या लेकराला कायदा काही करत नाही. समज नव्हती म्हटलं, विषय संपला."

"किल्ली तर मना कंबरले ऱ्हास," आबा म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका बारीक झाला होता.

"कमरेची किल्ली पोरीला कशी मिळेल, आबा? दुसरीकडे पाहिजे. देवघरात ठेवता असं म्हणू. कुणाच्याही घरी ठेवतातच."

सगळ्यांनी समाधानकडे पाहिलं. मुलगा त्याचा गेला होता. तो जमिनीकडे बघत होता. कपाट अंगणात वाळत होतं हे त्यानं आल्या-आल्या पाहिलं होतं, दाराला बोट लावून रंग ओला आहे का तेही बघितलं होतं.

"पोरगा तर गेला," वकील हळूच म्हणाले. "आता वडील घालवायचे का, एवढाच प्रश्न आहे."

समाधाननं मान हलवली. नको, अशी.

दिपमाला चहाचा ट्रे घेऊन आत आली. डोक्यावरचा पदर तिनं सावरला आणि आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्याच्या बैठकीत बोलली.

"आबा, पोरगी जनमभर तेच धरी बसी."

"लेकरं विसरी जातस वं," दारातून वच्छलाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी आठ दिवसांत खळलं नव्हतं. "माले इचार. मना पाठना भाऊ मना समोर विहीरमा पडना व्हता. माले आते त्याना चेहराबी याद नही."

दिपमालानं नवऱ्याकडे पाहिलं. प्रेमराजनं घसा खाकरला.

मग शिकवायचं काम तिच्याकडेच आलं. दुसरं कोण शिकवणार? सव्वीस जानेवारीचं भाषणही तिनंच पाठ करून घेतलेलं. वेणी घालताना ती एक वाक्य म्हणायची, पुनम पाठोपाठ म्हणायची. मी देवघरातून किल्ली घेतली. मी कुणाला विचारलं नाही. मी कपाट उघडलं.

"माय, पन मी तर..."

"म्हन तू. पुढलं म्हन."

पुनम म्हणायची. हुशार पोरगी, काना-मात्रेची चूक नाही. तिसऱ्या वेणीला तर 'पन' सुद्धा आलं नाही.

जबाब घ्यायला साध्या साडीतल्या पोलीसबाई घरी आल्या. पुनमला चॉकलेट दिलं, शाळेचं विचारलं, मैत्रिणींचं विचारलं. पुनमनं सगळं सांगितलं आणि मग शाळेतल्यासारखे हात मागे बांधून म्हणाली, "मी देवघरातून किल्ली घेतली. मी कुणाला विचारलं नाही. मी कपाट उघडलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"किल्ली कशी होती गं? मोठी होती की बारकी?"

हे पाठ करून घेतलं नव्हतं. पुनमनं आईकडे पाहिलं. पोरगी थोडा वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिली.

"थंड होती," ती म्हणाली.

बाईंनी पेन उचलून ते लिहून घेतलं. मग दिपमालाकडे वळल्या. "तुम्ही आई ना? कपाटाला कुलूप असतं रोज?"

"हो." हे खरंच होतं.

"त्या दिवशी होतं?"

दाराच्या फटीतून आबांचे पाय दिसत होते. भेगाळलेले, म्हातारे पाय. एका पायाचा अंगठा दुसऱ्यावर घासत होता, परीक्षेच्या दाराबाहेर उभ्या पोराचा घासावा तसा. दिपमालाला त्या पायांची दया आली. पोरीचे पाय तिच्या शेजारीच होते, पण ती मांडी घालून बसली होती, ते फ्रॉकखाली दिसत नव्हते.

"हो," ती म्हणाली.

सुरतेला परत जायच्या दिवशी मोहिनी मोरीशी भांडी घासणाऱ्या दिपमालापाशी येऊन बसली. तिनं पुनमकडे एकदाही पाहिलं नव्हतं. पोरगी खोलीत आली की ती उठून जायची.

"ताई, एक विचारू? मी त्या दिवशी सकाळीच आले, मला घरातलं काही माहीत नाही. किल्ली देवघरात असते हे पोरीला कुणी सांगितलं होतं?"

राखेचा हात तसाच राहिला. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यात मोहिनीचा स्वतःचा नवरा होता, सासरा होता, थोरला दीर होता आणि एक गोधडी होती.

"लेकरांना समजतं गं सगळं," दिपमाला म्हणाली.

"हो. समजतं," मोहिनी म्हणाली, आणि उठली. नंतर त्या घरात ती पुन्हा आली नाही. समाधानही आला नाही.

प्रकरण वकिलांनी सांगितलं तसंच मिटलं. घरात मात्र त्यावर कोणी काही बोललंच नाही. कानबाई रुसली, एवढंच वच्छलाबाई म्हणायची. गावानंही देवीचंच मनावर घेतलं. पुनमशी शाळेतल्या मुली खेळायच्या, पण लपंडाव खेळताना तिच्यावर राज्य आलं की कुणीच लपायला जायचं नाही. ती आपली भिंतीला डोळे लावून अंक मोजत राहायची.

पुढच्या श्रावणाआधी बंदूक पोलिसांकडून परत आली. आबा स्वतः आणायला गेले होते, शालीत गुंडाळून आणली. डुकरांनी मका लोळवला होता, चिंधाही म्हणाला होता की आबा, तुमच्या बंदुकीचा निदान धाक तरी होता. नवं कपाट आलं, नवं कुलूप आलं. आणि किल्ली आबांनी करदोड्याला बांधली नाही. देवघरात, गणपतीच्या मागे, खिळा ठोकून टांगली.

"तठे कसाले, आबा?" प्रेमराजनं विचारलं. अख्ख्या वर्षात त्यानं बापाला विचारलेला हा एकच प्रश्न.

"जबाबमा तशीच शे," आबा म्हणाले. "उद्या कोनी देखाले ऊना तर?"

कानबाईसाठी पुन्हा चुना भिजला. सुतक फिटलेलं, वर्ष झालेलं. वच्छलाबाईंनी गहू काढले. आबांची मूठ, प्रेमराजची मूठ. समाधानची मूठ घेतली, आणि मग हात पोत्यात गेला तो तिथंच राहिला. पुनम उंबऱ्यात उभी होती. तिनं ह्या वेळी काही विचारलं नाही.

दिपमाला मधल्या खोलीत गोधड्यांच्या घड्या घालत होती. पोरगी मदतीला आली. येताना ती देवघराला वळसा घालून आली, वर्षभर यायची तशीच. दोघींनी एका गोधडीची चार टोकं धरली, लग्नातलीच ती, आणि दिपमालाच्यानं राहवलं नाही.

"पुनम, आयक. किल्ली नव्हतीच वं. कपाट आंगनमा व्हतं, उघडं. बंदूक आठे व्हती, गोधड्यासमा. हाई गोधडी मीच टाकी व्हती तिनावर. आबानी ठेवी, पप्पानी ठेवू दिधी, मी झाकी. तू काहीच लिधं नव्हतं."

पुनमनं तिच्याकडे पाहिलं. आई काहीतरी विसरली आहे आणि तिला कसं सांगावं, असं तिच्या तोंडावर होतं.

"नही माय. मी लिधी व्हती."

ह्या वेळी ती शाळेतल्या भाषेत बोलत नव्हती.

"गनपतीना मांगे खिळा शे ना, तठे व्हती. मी पाटावर चढनू. हातले थंडगार लागनी. माले याद शे."

"नही रे बेटा..."

"माले याद शे, माय." तिनं आपल्या हातातली दोन टोकं आईच्या हातातल्या टोकांना आणून जुळवली, घडी सरळ केली आणि आईच्या पाठीवरून हात फिरवला, मोठं माणूस फिरवतं तसा.

"रडू नको. तुनी काय चूक शे त्यामा?"