अर्धा तांब्या

जिवा डायव्हरला जगात फारसं कुणी पसंत पडत नसे. पोशेऱ्याच्या सरपंचाला तो 'पांढरा शर्ट' म्हणे, तालुक्याच्या साहेबांना 'सहीवाले', आणि घाटात हॉर्न बडवत अंगावर येणाऱ्या मुंबईच्या गाड्यांना जे म्हणे ते इथे लिहिण्याजोगं नाही. एकतीस वर्षं त्याने जव्हारच्या एका मालकाच्या बसगाड्या मोखाड्याच्या वळणांवरून हाकल्या. मग गुडघ्यांनी दावा मांडला आणि तो घरी बसला. बसल्या जागेवरून सगळ्यांची लायकी काढायची, एवढंच काम उरलं होतं, आणि त्यात त्याने एक दिवसही सुट्टी घेतली नव्हती.

यातून सुटलेली एकच बाई होती, साखरशेतची गोदी. जव्हारच्या बाजारात ती नाचणी आणि वालाच्या शेंगा घेऊन बसे. तिचा डावा हात कोपरापासून नव्हता. जिवा तिच्याकडूनच माल घेई आणि ती सांगेल तो भाव मुकाट्याने देई. राहीला, म्हणजे त्याच्या बायकोला, याचं मोठं नवल वाटे. "साऱ्या दुनियेला शिव्या, नि गोदीपुढं गरीब गाय," ती म्हणायची. जिवा तेव्हा तंबाखू मळायला घेई.

त्याची एकुलती एक मुलगी प्रतिक्षा वैमानिक झाली होती. आश्रमशाळेत शिकली, सरकारच्या शिष्यवृत्तीवर विमान शिकायला गेली, दोनशे तास उडून परवाना घेऊन आली. तालुक्याला नारळ-शाल झाली, पेढे वाटले गेले. त्यानंतर दोन वर्षं ती मोखाड्यात झेरॉक्सच्या दुकानात बसत होती. परवाना प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत. गावातली माणसं आभाळात विमान दिसलं की तिला विचारत, "हां तुझां का?" आणि ती हसून मान खाली घाली. त्या विचारणाऱ्यांना जिवा काय म्हणे, तेही इथे लिहिण्याजोगं नाही.

आणि आता तिला नोकरी लागली होती. नीलपंख एअर नावाची कंपनी लहान लहान शहरांमधून पंख्याची विमानं उडवत असे, सत्तर माणसांची. पहिलं वर्ष महिना बावीस हजार. पाच वर्षं सोडून जायचं नाही, गेलीस तर वीस लाख भर, आणि तोवर मूळ कागदपत्रं कंपनीच्या कपाटात.

"वीटभट्टीचा मुकादमसुद्धा असाच करतो," जिवा म्हणाला. "पण तो आधी घरी येऊन बयाणा तरी देतो. हे उलटां तुझ्याकडंच मागतात."

"नोकरी हाय ना पण," राही म्हणाली. "तुझ्या तोंडाला कधी गोड लागलांय काय?"

त्या सकाळी कंपनीची माणसं पोशेऱ्याला येणार होती. पाड्यावरची पोर आभाळात गेली, अशी काहीतरी फिल्म काढायची होती. राहीने अंगण सारवून ठेवलं होतं. जिवा ओट्यावर बसला आणि नव्या डायव्हरला विचारावं तसं मुलीला विचारू लागला.

"नोकरीला घेताना काय विचारलां तुला?"

"उंची विचारली. इंग्रजीत बोलायला लावलं. मग बाँड वाचून दाखवला, सही करशील का म्हणाले."

"चालवून दाखव नाय बोलले?"

"बाबा, आधी खोलीतल्या यंत्रावर शिकवतात. आतून अगदी विमानासारखंच असतं. बारा धडे असतात त्याचे."

"झाले?"

प्रतिक्षाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "सात झाले. मग पुढच्या बॅचला यंत्र हवं होतं. उरलेले पाच झाले असं लिहायचं आहे. कमलेश सर आज कागद घेऊन येतायत. सोमवारपासून ड्यूटी."

"त्या पाचांत काय शिकवतात?"

"एक इंजिन बंद पडलं तर काय करायचं. आडवा वारा असताना उतरायचं कसं. आत धूर झाला तर."

"म्हणजे गाडी चांगली चालत असंल तवा कशी चालवायची, तेवढां तुला शिकवलां."

"शेजारी जुना कॅप्टन असतो!" प्रतिक्षाचा आवाज चढला. "सगळे सही करतात बाबा. माझ्याबरोबरच्या अकराही जणांनी केली. दोन वर्षं मी झेरॉक्स काढतेय, ते दिसत नाही तुला. तुला सगळेच नालायक दिसतात. तुझ्या मालकाकडं तरी सगळं नियमानं होत होतं का?"

जिवा उठून घरात गेला आणि मांडणीवरच्या पितळी तांब्याकडे बघत उभा राहिला.

तो तांब्या जव्हार-मोखाडा रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होता. मालकाच्या जुन्या बसमध्ये इंजिन आतच, डायव्हरच्या शेजारी असे. नवा डायव्हर आला की जुन्याने त्याच्या बाजूला बसायचं, इंजिनच्या झाकणावर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा आणि मोखाड्याहून जव्हारपर्यंत गाडी चालवायला लावायची. बोटभर पाणी सांडलं तर चालेल. त्याहून जास्त सांडलं तर त्याला स्टिअरिंग नाही, मग तो मालकाचा जावई का असेना. ही रीत कान्हा डायव्हरने घातली. त्याच्यामागे तांब्या जिवाकडे आला. लोकांचा त्यावर असा भरवसा होता की नवा चेहरा दिसला की बाजारच्या बाया पायरीवर पाय ठेवण्याआधी विचारत, "तांब्या झाला का याचा?"

दहाच्या सुमाराला कंपनीची गाडी आली. ती पांढरी होती आणि तिचा डावा दरवाजा कुठेतरी कड्याला घासलेला होता. घाटात डावीकडे घासणारा माणूस वळणाला भितो, हे जिवाने आतलं माणूस उतरायच्या आत ओळखलं. उतरला तो कमलेश सर. त्याच्यामागून एक फोटोवाला आला. कमलेशने घराकडे पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"भिंतीला टाइल्स आहेत?" तो म्हणाला. "कुडाचं घर नाही का जवळपास कुणाचं? आणि काका, तुम्ही जरा नांगर घेऊन उभे राहा ना."

"मी डायव्हर हाय."

"डायव्हर नको. शेतकरी चांगला दिसतो."

राहीला त्याने नवं लुगडं सोडून जुनं नेसायला सांगितलं. तिने सणासाठी जपून ठेवलेलं काढलं होतं, ती बिचारी खाली मान घालून आत गेली. प्रतिक्षाला मात्र कंपनीचा कडक गणवेश घालायला दिला, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. बाप फाटका आणि लेक चकचकीत, असं त्याला हवं होतं. बावीस हजारांत कंपनीला वैमानिक मिळत होती, वर जाहिरात फुकट. जिवाच्या डोक्यात तिडीक उठली, पण मुलीचा चेहरा बघून त्याने ती गिळली. गणवेशात ती फार छान दिसत होती.

मग कमलेशने कागद काढला आणि गाडीच्या बॉनेटवर पसरला. "बारा रकाने, बारा सह्या. तारखा आम्ही टाकू. दोन मिनिटांचं काम."

प्रतिक्षाने पेन घेतलं. तिने भराभर सात सह्या केल्या. आठव्या रकान्यावर तिचा हात जरासा थांबला.

जिवा घरातून तांब्या घेऊन आला आणि त्याने तो कागदाशेजारी ठेवला. फोटोवाल्याला वाटलं काही पूजाबिजा आहे, तो वाकून फोटो काढू लागला. प्रतिक्षाने तांब्यात पाहिलं. लहानपणापासून तिने तो काठोकाठ भरलेलाच पाहिला होता.

"अर्धाच का, बाबा?"

"तू मघाशी विचारलांस ना, मालकाकडं नियमानं होत व्हतां का. ता सांगतो." जिवा कमलेशकडे बघतच नव्हता. "अकरा वर्सं झाली. मालकाने दिवाळीला दोन गाड्या नव्या घेतल्या. डायव्हर नव्हते. रूपेश नावाचा पोरगा निम्म्या पगारात यायला तयार झाला, म्हणून घेतला. दुसरां कायबी त्याच्यात बघितलां नव्हतां. मालक मला बोलला, जिवा, पास कर याला, गाड्या उभ्या हायेत. मी तांब्या अर्धा भरला. अर्धा तांब्या कसा सांडंल? गाडी कशीबी फेक, पाणी आतच."

राही दारात जुनं लुगडं नेसून उभी होती. तिला हे ठाऊक नव्हतं.

"जव्हारला स्टँडवर एका बाईने मला विचारलां, तांब्या झाला का याचा. मी बोललो, झाला, बस. तिसऱ्या दिवशी ती त्याच्याच गाडीत व्हती, नि त्याने वळणावर गाडी आडवी केली. मालकाने ब्रेकवर ढकललां. मी गप बसलो."

"कोण बाई?" प्रतिक्षाने विचारलं. पण विचारता विचारताच तिला कळलं असावं, कारण तिने आपल्याच डाव्या कोपराला हात लावला.

"काका, छान आहे गोष्ट," कमलेश घड्याळ बघत म्हणाला. "मॅडम, पाचच राहिल्या."

प्रतिक्षाने पाची रकान्यांत लिहिलं, 'झाला नाही'. मोठ्या अक्षरात, मराठीत. मग खाली सही केली आणि मोबाइलवर कागदाचा फोटो काढून घेतला.

कमलेशने कागद ओढून घेतला. त्याचा 'मॅडम' तिथेच संपला. "तुला काय वाटतं, कंपनी थांबेल तुझ्यासाठी? चारशे जण आहेत रांगेत. निम्मे तर फुकट उडवायला तयार आहेत."

"मंग त्या फुकटवाल्याच्या विमानात तू बसतोस काय?" जिवाने विचारलं.

कमलेश कागदाची घडी घालू लागला. तो स्वतः कधीच कंपनीच्या विमानाने जात नाही, आगगाडीने जातो, असं फोटोवाल्याने पाणी पिता पिता हळूच सांगितलं. गणवेश तिथल्या तिथे परत घेतला गेला. गाडी वळवताना कमलेशने अंगणातला तुळशीचा ओटा ठोकला आणि मागे न बघता निघून गेला.

राही दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिला राग कुणाचा आला होता हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. प्रतिक्षाने विमानांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कचेरीला पत्र लिहिलं, फोटो जोडला, आणि सोमवारी पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात गेली. तिथे तिला मैत्रिणीकडून समजलं की तिच्या जागेवर त्याच दिवशी एक मुलगा घेतला. त्याचे बाराच्या बारा धडे कागदावर झाले होते आणि त्याचे धडे खरे किती झाले, हे कुणी विचारलं नव्हतं. तिच्या ड्यूटीचं ते विमान ठरल्या वेळेला उडालं. प्रतिक्षा दिवसभर फोन हातात धरून बसली आणि ते उतरल्याचं कळल्यावर जेवली.

बाजाराच्या दिवशी ती बापाबरोबर जव्हारला गेली. गोदी नेहमीच्या जागी बसली होती. तिने नाचणी मोजून जिवाच्या पिशवीत ओतली, जिवाने नेहमीप्रमाणे भाव न करता पैसे दिले.

"पोर कधी उडवतंय इमान?" गोदीने कौतुकाने विचारलं.

"नाही गेले मी, मावशी," प्रतिक्षा म्हणाली. "खोटी सही मागत होते." बापाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

जिवाला तंबाखू मळावीशी वाटली. त्याने डबी काढली आणि परत ठेवली.

"गोदी," तो म्हणाला, "त्या दिशी स्टँडवर तू मला विचारलेलांस. तांब्या झाला का."

"हां. झाला बोललास."

"अर्धा भरलेला मी. मालकाला डायव्हर पायजे व्हता."

बाजूचा मिरच्यांवाला ओरडत होता, गिऱ्हाइकं मधून जात होती.

"म्हणून भाव करत नव्हतास," गोदी म्हणाली. "मना वाटायचां, भला माणूस हाय."

तिने पिशवी गुडघ्यांत धरली, एका हाताने तिचं तोंड उघडलं आणि नाचणी हळूहळू आपल्या टोपलीत परत ओतली. एक दाणा बाहेर पडू दिला नाही. मग त्याची नोट त्याच्या पायापाशी ठेवली.

"दुसऱ्याकडं घे," ती म्हणाली. "नि भाव करून घे."

जिवाने आजवर अख्ख्या तालुक्याची लायकी काढली होती, त्याची कुणी काढली नव्हती. तो उभाच राहिला. वाकून नोट उचलणं त्याला जमेना, गुडघ्यांमुळे असं कुणालाही वाटलं असतं.

प्रतिक्षाने नोट उचलली, रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली आणि म्हणाली, "चल बाबा. जीप भरत आली."