तारेवर गेलेला हात

"मिस ओलेटा, एक विचारू? लोकांचे हरवलेले जिग तुम्ही त्यांनाच परत विकता, हे खरं आहे?"

विचारलं एकदाचं! टॅन्सीने डोळे घट्ट मिटून घेतले. मागच्या सीटवर जोबेथने सॉसेज-बिस्किटाचा घास तसाच गालात धरून ठेवला. मिस ओलेटांना हा प्रश्न तोंडावर विचारून दाखवायचा, अशी पैज वर्गातल्या साऱ्या मुलींनी लावली होती. टॅन्सीने ती घेतली, कारण या वर्षी टॅन्सी कुठलीही पैज घेत होती. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणताना जिचा आवाज फुटत नसे, तीच ही!

मिस ओलेटा स्क्रॉगिन्स यांनी स्टिअरिंगवरून हात काढला नाही की मान वळवली नाही. पुढे पाण्यात बोटी उतरवणाऱ्या गाड्यांची रांग गोगलगायीसारखी सरकत होती.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "डॉलरला एक. चर्चच्या जुन्या बाजारात. अजून एकानंही आपला ओळखला नाही."

"एकानंही?"

"तुझ्या डॅडींनी तर एकच जिग माझ्याकडून तीनदा घेतलाय."

जोबेथला असा ठसका लागला की बिस्किटाचे कण थेट काचेपर्यंत उडाले.

आता हे जिग, म्हणजे मासे धरायचे शिशाच्या डोक्याचे गळ, त्यांना मिळतात कुठे? तर डॉकच्या तारांवर अडकून तुटलेले. आमचं सीडर फोर्क तळं धरणाचं. पाऊस झाला की दहा फूट चढतं, धरणाची दारं उघडली की पंधरा फूट उतरतं. काठावरचे, बोटी बांधायचे तरंगते डॉक लोखंडी तारांनी किनाऱ्याला बांधलेले असतात. पाणी चढलं की तार आवळून डॉक आत ओढायचा, उतरलं की सैल सोडून बाहेर ढकलायचा. वेळेत नाही केलं तर लाखाचा डॉक चिखलात आडवा! पण डॉकचे मालक राहतात दूर शहरात, मेम्फिसला नाहीतर लिटल रॉकला. ते फक्त फोन करतात, "मिस ओलेटा, पाणी चढतंय म्हणे?" आणि मिस ओलेटा रबरी बूट चढवून, कप्पीचा दांडा खांद्यावर टाकून निघतात. एकतीस वर्षं. एकशे बारा डॉक. त्यातला एकही त्यांचा नाही. त्यांचं घर टेकडीच्या पलीकडच्या अंगाला आहे, तिथून पानगळीतसुद्धा पाणी दिसत नाही.

शाळेच्या मासेमारी संघात प्रत्येक जोडीला बोटीसकट एक मोठा माणूस लागतो. त्याला कॅप्टन म्हणायचं. वडील लोकांच्या बोटी मुलग्यांनी भरून गेल्या, तेव्हा टॅन्सी आणि जोबेथ आमिषाच्या दुकानात तोंड पाडून उभ्या होत्या. गल्ल्यापाशी कॉफी घेणाऱ्या मिस ओलेटा म्हणाल्या, "माझी आहे बोट. पळत नाही, पण तरंगते."

टॅन्सीच्या डॅडींना ती पोचे पडलेली पत्र्याची बोट पहिल्या दिवसापासून खुपत होती. चर्चमधल्या हॅस्कलसाहेबांकडे आरशासारखी चकाकणारी बोट होती आणि ते पुढच्या वर्षी टॅन्सीला घ्यायला तयार होते. काल रात्री जेवताना डॅडींनी मक्याच्या पावाचा तुकडा मोडता मोडता निकाल देऊन टाकला होता. "उद्या पहिल्या पाच जोड्यांत या, राज्याच्या स्पर्धेला जा, मग ठेव तुझी ओलेटा. नाहीतर हॅस्कल. ठरलं."

आणि टॅन्सीने छाती पुढे काढून म्हटलं होतं, "ठरलं!"

सकाळी सात वाजता स्पर्धेचा भोंगा झाला. बाकीच्या बोटी फेस उडवत नाहीशा झाल्या. मिस ओलेटांची बोट गुरगुरत जवळच्याच एका खाडीत शिरली. तिथे त्यांनी मोटर बंद केली, सीटखालून कॉफीचा जुना डबा काढला आणि बोटीच्या तळाशी खणकन उपडा केला. जिगच जिग! शिशाची डोकी, त्यांखाली रबरी धाग्यांचे झगे, कुणाचा तपकिरी, कुणाचा काळानिळा, कुणाचा झडून टक्कल पडलेला.

"निवडा," मिस ओलेटा म्हणाल्या.

कॅप्टनने बोट हाकायची आणि तोंडाने शिकवायचं, एवढंच नियमात बसतं. काठी, दोरा, गळ आणि मासा यांना त्याने हात लावायचा नाही.

जोबेथने झडप घालून सगळ्यांत जड गोल डोक्याचा उचलला. "हा! दणकट आहे."

"दणकट आहेच. कुठं सापडला ठाऊक आहे? सातव्या नंबरच्या डॉकखाली, तारेला मिठी मारून."

टॅन्सी गुडघ्यांवर बसली. एकेक जिग हातात घेऊन फिरवू लागली. गोल डोकी, चेंडूसारखी. दोरा बांधायची कडी डोक्याच्या माथ्यावर, उभी. काट्यासमोर ताठ केसांचा जो कुंचला असतो, काटा लाकडात रुतू नये म्हणून, तो बहुतेकांनी कात्रीने मुळापासून छाटलेला. आणि अचानक तिला एवढं लख्ख दिसलं की ती ओरडलीच.

"अहो, हे तर सगळे अडकलेले आहेत! म्हणजे यांच्यातला घ्यायचाच नाही!"

"अगं, ओरडू नकोस, मासे आहेत खाली."

"म्हणजे डब्यात जो नाही तो घ्यायचा! टोकदार नाकाचा. कडी नाकाच्या शेंड्यावर. कुंचला शाबूत!"

मिस ओलेटांच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. तो हसण्याचा प्रकार होता. "एकतीस वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं. आता वजन?"

"मासे जमावेत म्हणून झाडं बुडवलेली असतील तिथं अर्ध्या औंसाच्या वर, फांद्यांतून खाली घुसायला. आणि डॉकखाली सावलीत सरकवायचा असेल तर हलका, चपटा. दगड टप्पे घेत जातो तसा जायला हवा."

"रंग?"

"पाणी गढूळ आहे. काळानिळा," जोबेथ पुटपुटली. तिने गोल डोक्याचा हळूच खाली ठेवला होता.

दुपारी एकपर्यंत बोटीतल्या पाण्याच्या टाकीत चार जिवंत मासे होते. पंधरा इंचांहून लहान मासा धरत नाहीत; हे चारही त्याच्या वर, पण जेमतेम. वजनाला पाच नेता येतात. पाचवा नुसता चांगला असून चालणार नव्हता, राक्षस हवा होता.

बाविसाव्या नंबरच्या डॉकपाशी मिस ओलेटा एवढंच म्हणाल्या, "इथं मी बोट हळू घेते." खाली काय बुडवलंय ते त्या कधीच सांगत नसत. मालकाचं गुपित मालकाचं.

टॅन्सीने मनगट झटकलं. जिगने पाण्यावर तीन टप्पे घेतले आणि तो थेट डॉकखालच्या मागच्या अंधारात जाऊन बुडाला. दोरा सैल पडला, मग जरासा बाजूला सरकला. तिने काठी उचलली आणि काठी अर्धवर्तुळ झाली!

"अगं बाई! अगं बाई गं!" जोबेथ जागच्या जागी नाचायला लागली.

मासा उसळला तेव्हा त्याचं तोंड भांड्याएवढं दिसलं. मग तो बोटीखालून सुसाट निघाला, डॉकच्या तारेला वळसा घातला आणि सगळं थांबलं. दोरा गंजक्या तारेवर करकरत होता. आता तुटणार, आता तुटणार.

आणि मिस ओलेटांचा हात गेला. त्यांनी पाठवला नाही, तो गेला. उलटा वळसा, एक हिसका, दोरा मोकळा. हजार वेळा ज्या हाताने त्याच तारेवरून जिग सोडवले होते, त्याने ते आणखी एकदा केलं. दोन सेकंदही लागले नाहीत. जोबेथने जाळी घातली आणि मासा आत आला.

"साडेपाच पौंड! सहा!" जोबेथने फोटो काढला आणि तो टॅन्सीच्या डॅडींना पाठवूनही टाकला. मग तिने वर पाहिलं. कुणीच हसत नव्हतं.

मिस ओलेटा आपल्या ओल्या हाताकडे बघत होत्या. तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

"कुणी पाहिलं नाही," जोबेथ घाईने म्हणाली. "खरंच कुणी नाही. टॅन्सी, राज्याची स्पर्धा! तुझे डॅडी!"

टॅन्सीला डॅडी आठवतच होते. हा मासा वजनाला गेला की मिस ओलेटा राहणार. सोडला की हॅस्कलसाहेब. इतका साधा हिशेब होता की तिला रडू यायला लागलं.

"मिस ओलेटा, वजनाच्या चिठ्ठीवर सगळं नियमाप्रमाणे झालं असं लिहितात ना? त्याखाली सही कुणाची असते?"

"कॅप्टनची."

"मग... तुम्ही कराल?"

 मिस ओलेटांनी हात पँटला पुसला.

"चूक माझी आहे, पोरी. मासा तुझा. तू म्हणालीस तर करीन सही."

आवाज इतका लहान झाला होता! जी बाई मेम्फिसच्या वकिलाला "तुमची तार कुजलीय, मी डॉक ओढणार नाही" असं फोनवर ठणकावते, तिचा हा आवाज. टॅन्सीने तो ऐकला आणि रडू पळून गेलं. आपण मागितलं तर ही बाई देईल. म्हणूनच मागायचं नाही.

ती टाकीपाशी गेली. माशाला खालच्या जबड्याने धरलं, पाण्यात आडवा टेकवला. तो क्षणभर तिच्या हातात श्वास घेत राहिला, मग शेपटीने तिच्या तोंडावर पाणी उडवून गेला.

"वेडी आहेस तू," जोबेथ रडत म्हणाली. "माझाही होता तो! तुझ्या डॅडींना तूच सांगायचं. मी बोटीतून उतरणारसुद्धा नाही."

"मीच सांगणार."

"अजून एक तास आहे," मिस ओलेटा म्हणाल्या आणि मोटर सुरू केली. त्या तासात त्यांना एक पाचवा मिळाला. तोही जेमतेम पंधरा इंचांचा. जोबेथनेच पकडला. टोकदार नाकाच्या जिगवर.

त्या अकराव्या आल्या.

डॅडी दुपारपासून तो फोटो अख्ख्या धक्क्याला दाखवत फिरले होते. वजनाच्या काट्यावर पिशवी रिकामी झाली तरी ते आत वाकून बघत राहिले. "कुठाय? तो मोठा कुठाय?" ममा त्यांची बाही ओढत होती. पाच पावलांवर हॅस्कलसाहेब गॉगल पुसत उभे होते.

"सोडला, डॅडी."

"सोडला? का?"

तिकडे मिस ओलेटांनी चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली होती. वर तारीख, खाली आकडे. त्या सावकाश, एकेक अक्षर सुटं लिहीत आपलं पूर्ण नाव घालत होत्या.

"तो आमचा नव्हता म्हणून," टॅन्सी म्हणाली. ती ओरडली नाही, पण हॅस्कलसाहेबांनाही ऐकू गेलं. "काल मी 'ठरलं' म्हटलं होतं. ते मी मोडतेय. हवी ती शिक्षा द्या. फोन घ्या, उन्हाळाभर गवत कापायला लावा. पण पुढच्या वर्षी मी मिस ओलेटांच्याच बोटीत बसणार आहे."