टाकीची काठी

इमारतीच्या सभेत मास्तरांनी कमिटीला उभं राहणाऱ्यांची यादी वाचली, त्यात माईंचं नाव नव्हतं. माईंना वाटलं, चष्मा घरी विसरला असेल मेला. वीस वर्षं त्या कमिटीत होत्या. गच्चीवरच्या टाकीत काठी बुडवायची, पाणी किती ते बघायचं आणि इमारतीला सोडायचं, हे काम त्यांचं. काठी नवऱ्यानं केलेली. सुतार माणूस. चार खाचा पाडल्या, तिसरीला पटाशी निसटली नि अंगठा फाटला, तरी हा हसतोय. म्हणे, स्वतःचं घर झालंय, थोडं रक्त जायचंच.

"मास्तर, माझं राहिलं."

मास्तर वहीत बघत बोलले, "माई, घर आता मुलाच्या नावावर. कागदावर नाव असेल तोच कमिटीत, असा नियम आहे."

खोटं नव्हतं. घर दोघांच्या नावावर होतं. गेल्या साली नवरा गेला, तशी माईंनी आपलंही नाव काढून सगळं मुलाला देऊन टाकलं. तो म्हणत होता, आई, तुझं राहू दे. पण माईंचा ताठा. मला माझ्या घरातून कोण काढतंय?

आणि नियम आणला कुणी? माईंनीच. तळमजल्यावर भाड्यानं राहणारे घड्याळजी वीस वर्षांपूर्वी कमिटीत यायला निघाले होते. सरळ माणूस, जिन्यातलं घड्याळ फुकट चालू ठेवायचा. माई भर सभेत म्हणाल्या, भाडेकरू म्हणजे वळचणीची चिमणी, आज आहे तर उद्या नाही. ठराव झाला. तोवर माईंना अंगठाच ठाऊक. त्या ठरावासाठी नवऱ्याकडून आठ दिवस नाव गिरवायला शिकल्या आणि जन्मातली पहिली सही ठोकली. केवढा तोरा! नवरा जेवताना एवढंच बोलला, "अक्षर बरं आलं. काम बरं नाही झालं."

तो घास माईंना आत्ता आठवला.

कुणीतरी म्हणालं, नियम आपणच केला, आपणच मोडू. भराभर हात वर झाले. माईंना नाही कोण म्हणणार?

माईंनी मागं वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत, भिंतीकडेच्या खुर्चीत घड्याळजी बसले होते. वीस वर्षं त्याच खुर्चीत. चिमणी काही उडाली नव्हती.

"हात खाली करा," माई म्हणाल्या. "मोडायचा तर आधी ह्यांच्यासाठी मोडा. मग माझं बघू."

घड्याळजी हसले. "वहिनी, आता मला गच्चीचा जिना चढवत नाही. उशीर झाला."

घड्याळं दुरुस्त करणाऱ्यानंच असं म्हणावं! नियम गेला, पण दोघांतलं कुणी उभं राहिलं नाही. माई मागं जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या. घड्याळजी म्हणाले, इथं वारा छान येतो.

कमिटीत मुलगा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन तोच वर चढला. खाली घड्याळजींच्या दारातल्या बाकावर माई मान वर करून बसल्या.

"आई, तिसऱ्या खाचेच्या जरा खाली."

"जरा म्हणजे किती? अंगठा लावून बघ. तुझा बाप तसंच बघायचा."