बर्फाखालचा खोकला

वाटाणा घरंगळत ट्रेच्या कडेपर्यंत आला आणि तिथंच थबकला. हिरवा, गोल, अंगावर वाफेचा एक थेंब घेऊन, पडावं की न पडावं याचा विचार करत असल्यासारखा… आणि मार्नाचा डावा हात, ज्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, तो आपला आपण वर गेला, जबड्याच्या हाडाखाली, कानाच्या जरासा पुढं, तिथल्या वाटाण्यापाशी. होता. जागेवरच होता. वसंतात तो मसुरीएवढा होता, उन्हाळ्यात मक्याच्या दाण्याएवढा, आणि शाळेच्या मैदानातल्या मेपलची पानं गळून पडेपर्यंत त्यानं वाटाण्याची मजल गाठली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई दुसऱ्या कशानं मोजणार? पुढं कडधान्यात मोठं काय येतं, याचा विचार मार्ना करत नसे. करायला लागली की ती पटकन दुधाच्या डब्यांकडे वळायची.

"तोंडाला हात लावलास," बर्डीन शेजारून म्हणाली. "हातमोजा बदल. आणि दुपारी डॉक्टरकडे जायचंय ना तुला? का पुन्हा विसरायचा बेत आहे?"

"जायचंय."

"गुडघा म्हणजे काय चेष्टा आहे का पोरी. माझ्याकडे बघ, मी खाली वाकले की वर्गातली मुलं खिडकीशी येतात, सरोवरावरचा बर्फ फुटला म्हणून."

बर्डीन या स्वयंपाकघरात इतकी वर्षं होती, की आज रांगेत ट्रे घेऊन उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांच्या आजोबांना तिनं भाज्या टाकून दिल्याबद्दल दम भरलेला होता. तिला गुडघा माहीत होता. वाटाणा माहीत नव्हता. वाटाणा कुणालाच माहीत नव्हता.

वाफ वर जात होती, छताच्या पांढऱ्या दिव्यांभोवती घुटमळत होती. रांग पुढं सरकत होती. नाताळच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस, सगळ्यांच्या अंगात वारं शिरलेलं; मार्नाच्या हातातला डाव वाटाणे उचलत होता, टाकत होता, उचलत होता, टाकत होता, आणि मार्ना तिथं नव्हती. ती उंबरठ्यावर बसली होती.

उंबरठा हा तिचाच शब्द. विम्याच्या कागदांवर त्याला दुसरं काही म्हणतात. पण अर्थ एवढाच, की दरमहा हप्ता भरायचा तो भराच, वर वर्षभरात आधी औषधपाण्यावर एवढे पैसे स्वतःचे घाला, मग आम्ही दार उघडू. शाळा तिला विमा देत नव्हती. तो पूर्णवेळ कामाला असणाऱ्यांना. आणि मार्नाचं काम पूर्णवेळेच्या अगदी जवळ आलं की कार्यालयातून कुणीतरी यायचं आणि प्रेमानं तिला घरी पाठवायचं, मग हातातलं पातेलं अर्धं घासलेलं का असेना. मुलीचं, टिल्डाचं, सरकार बघत होतं. आईचं आईनं बघायचं. मग आईनं सगळ्यांत स्वस्तातला विमा घेतला, आणि स्वस्तातल्या विम्याचा उंबरठा हा असा, की माणूस त्याच्याखालून ताठ मानेनं चालत जाईल. गावातल्या बहुतेकांचं आयुष्य या उंबरठ्याच्या अलीकडेच जात असे. दार आहे, दारामागं दिवा आहे, आत कुणीतरी पांढरा कोट घालून बसलंय. आणि आपण बाहेर, पायरीवर, आपापल्या दुखण्यांना मांडीवर घेऊन.

कारण दुखणी मार्नानं साठवली होती. चांगल्या बाया बरण्या भरून ठेवतात तशी. गुडघा ठेवला होता, कानातली शीळ ठेवली होती, पाठीतला तो एक खिळा ठेवला होता… यंदा नाही, गप्प बसा, पुढच्या वर्षी बघू. दाढेला मात्र तिनं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं की तुझी आशाच सोड, कारण या देशात दात शरीरात धरत नाहीत. डोळेसुद्धा नाहीत. हे दोन अवयव माणसानं हौसेखातर पाळलेले असतात अशी विमेवाल्यांची समजूत आहे.

आणि वर्षातून एक तपासणी मिळायची फुकट. ती मिळायची, पण तिची एक रीत होती, गावात सगळ्यांना तोंडपाठ असलेली: तोंड उघडायचं नाही. डॉक्टर शेवटी विचारणार, "आणखी काही?" आणि त्या प्रश्नाला उत्तर दिलं की तपासणी फुकटातून विकतात जाते, मग ती वेगळी भेट, वेगळं बिल. म्हणून सगळं गाव डॉक्टरसमोर हसत बसायचं. आणखी काही? छे, ठणठणीत. मार्ना तर जबडा जरासा वळवूनच बसली होती गेल्या खेपेला, छायाचित्राला बसतात तशी.

पण यंदा… यंदा ऑक्टोबरात, सूप ढवळताना, तिचं पित्ताशय फुटायला आलं. रुग्णवाहिका नको, ती ओरडत होती म्हणे, रुग्णवाहिकेचे पैसे कोण भरणार. मग बर्डीननं पाववाल्याला थांबवलं आणि मार्ना गरम पावांच्या ट्रेंमध्ये आडवी होऊन इस्पितळात पोचली. तिच्या केसांना पुढं आठवडाभर लोण्याचा वास येत होता, आणि त्या दिवशी गावात पाव खाल्लेला एकही माणूस अजून आजारी पडलेला नाही असं पाववाला शपथेवर सांगतो. पित्ताशय गेलं. त्याचे हप्ते टिल्डाच्या लग्नापर्यंत फिटतील. पण त्या पित्ताशयाच्या खांद्यावर चढून मार्ना उंबरठा ओलांडून आत पडली होती. आता वर्ष संपेपर्यंत सगळं फुकट. सगळं. एक जानेवारीला उंबरठा पुन्हा उगवणार, होता तेवढाच, किंवा बोटभर उंच.

आणि डिसेंबरात गावात अशी माणसं लगेच ओळखू येतात. यंदा ज्यांचं काही मोठं मोडलंय, फुटलंय, ते सगळे नशीबवान घाईघाईनं साठवलेलं उरकून घेत असतात. हार्डवेअरच्या दुकानातला लायल एका वर्षी शिडीवरून पडला, आणि मग त्यानं नाताळाच्या आत हर्निया, मोतीबिंदू आणि मानेवरची चामखीळ असं सगळं करून घेतलं; एकतीस तारखेला तो घरी गेला तेव्हा कुत्रं भुंकलं त्याच्यावर.

तेव्हा मार्नानंही फोन केला होता. करावाच लागला, बर्डीन समोर उभी होती. पलीकडून बाईनं विचारलं, "कशासाठी दाखवायचंय?" आणि मार्नाच्या तोंडात वाटाणा आला, जिभेवर आला, दातांपर्यंत आला…

"गुडघा," मार्ना म्हणाली.

हे असं का झालं, ते तिला कळलं नव्हतं. गेले दोन आठवडे ती त्या क्षणाभोवती फिरत होती, अंधारात खुर्ची चाचपडावी तसं. घाबरले? मी? मी घाबरत नाही, मला परवडत नाही. हे दोन्ही वेगळं आहे. परवडत नाही हे वाक्य तिच्या घरात फार जुनं होतं. बाबांचं होतं ते.

शेवटचा मुलगा ट्रे घेऊन गेला. बर्डीननं शटर ओढलं, आणि दोघी ओट्यावर ओली फडकी फिरवायला लागल्या, दोन टोकांकडून एकमेकींकडे.

"बाबा असते ना," मार्ना म्हणाली, "तर म्हणाले असते, डॉक्टरकडे कशाला, मासे धरायला जा."

बर्डीन हसली. मार्नाच्या बाबांची, आर्वोची, ती गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. एका हिवाळ्यात सरोवर गोठलेलं असताना आर्वो बर्फाला भोक पाडून मासे धरत बसला होता, आणि त्याला अशी ढास लागली की खोकलाच तुटून भोकात पडला. एका मोठ्या माशानं तो गिळला. मग काय, हिवाळाभर मासा बर्फाखालून खोकत फिरायचा, आणि आर्वो बर्फाला कान लावून चालायचा, जिथं खोकला तिथं भोक. त्या साली घरात इतके मासे झाले की मांजर गाव सोडून गेलं. लहान मार्ना हे ऐकत झोपायची. मधेच बाबा थांबायचे, पाठ वळवायचे, आणि रुमालात काहीतरी व्हायचं, मग वळून म्हणायचे, ऐकलंस? मासा. परसातच आलाय.

डॉक्टरकडे जा म्हटलं की म्हणायचे, परवडतं का आपल्याला? आणि वसंतात, बर्फ फुटायच्या सुमाराला…

"पैसे असते तर वाचले असते ते," मार्ना म्हणाली. हे वाक्य ती इतक्यांदा म्हणाली होती की ते आता म्हणायला लागत नसे, ओटा पुसताना आपोआप यायचं.

बर्डीनचं फडकं थांबलं. "कुणाचे पैसे?"

"बाबांचे."

"अगं, आर्वोला कसली पैशाची अडचण? खाणीतलं लोखंड वाहणाऱ्या बोटींवरची माणसं ती. त्यांची युनियन म्हणजे… सगळं फुकट होतं त्यांना. दातसुद्धा. माझ्या हर्मनचे पुढचे सगळे दात कंपनीचे होते, तो हसला की मी म्हणायचे, बघा, मालकाचा माल दाखवतोय." ती पुन्हा पुसायला लागली. "मरेपर्यंत होतं ते आर्वोला. एक पै पडली नसती. नाहीच गेला. मी तर किती बोलले त्याला. मला म्हणाला, बर्डीन, मासा पकडला की खोकला परत घ्यावा लागेल."

फडकी ओट्याच्या मध्यावर एकमेकींना लागली.

"जा आता," बर्डीन म्हणाली. "टिल्डाला मी नेते. आणि डॉक्टरला सांग, दोन्ही गुडघे बघ म्हणावं, फुकट आहेत तर."

रस्ता सरोवराच्या काठाकाठानं जात होता, किंवा सरोवर रस्त्याच्या काठाकाठानं येत होतं. धुकं होतं, पांढऱ्यावर पांढरं, आकाश कुठं संपतं ते कळत नव्हतं. बर्फावरच्या मासेमारीच्या झोपड्या हवेत टांगल्यासारख्या, लाल, निळी, एक पिवळी. गाडी चालत होती की नाही याचीही मार्नाला खात्री नव्हती. मासा पकडला की खोकला परत घ्यावा लागेल. म्हणजे त्यांना माहीत होतं. म्हणजे दार सताड उघडं होतं, दिवा होता, उंबरठा नव्हताच, कधीच नव्हता… आणि तो एवढा मोठा माणूस, वादळात बोटीच्या नाकावर उभा राहून गाणारा, तो स्वतःच एक उंबरठा करून त्याच्या अलीकडे बसला होता, आणि मला सांगत होता की परवडत नाही. आणि मी तो उंबरठा वाडग्यासारखा, घोंगडीसारखा घरी आणला. मला वाटलं वारशात काही मिळालं नाही.

तिनं काच खाली केली. गार हवा आत आली. ती ऐकत होती. बर्फ कण्हतो कधी कधी, आत खोल, आपला आपणच. त्यात काही नवल नाही. सगळे ऐकतात.

दवाखान्यात भिंतीला कागदी चांदण्या चिकटवलेल्या होत्या. खिडकीमागच्या बाईनं पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, "तुम्हाला काही भरायचं नाही. शून्य."

"शून्य?"

"शून्य. एवढं काय दचकलात, चांगली बातमी आहे."

शून्य. तोही गोल. मार्नाला आपण भर बाजारात कोट विसरून आल्यासारखं वाटलं. आजवर कुठंही जाताना तिच्या अंगावर तो आकडा असायचा, जड, लोकरीचा, बोचरा, पण अंगावर असायचा. कुणी काही विचारलं की ती त्याच्यात हात घालायची. आता हात नुसतेच लोंबत होते. एक तर, डावा, वर निघाला होता. तिनं त्याला उजव्यानं धरून खाली बसवलं.

डॉक्टर व्हेलन तरुण होते, थकलेले, डिसेंबरातले. त्यांनी गुडघा वाकवला, सरळ केला, तो करकरला तसे हसले. "याला चांगली वाचा आहे."

"बोलका आहे," मार्ना म्हणाली. "पण मनानं वाईट नाही."

त्यांनी पट्टा सांगितला, व्यायाम सांगितला, लिहून दिलं. खिडकीबाहेर धुकं इतकं जवळ आलं होतं की खोली कुठंतरी तरंगत असावी, एखादी बर्फावरची झोपडी, आणि जमिनीत मधोमध एक भोक असावं, आणि त्याच्या कडेला दोघं बसलेले असावेत, काळ्या पाण्याकडे बघत.

"आणखी काही?" डॉक्टरांनी विचारलं.

छे, ठणठणीत. शब्द आले, सवयीनं आले, दारापर्यंत आले आणि त्यांना आपण कशासाठी आलो ते आठवेना. मार्ना वाट बघत राहिली. शब्द परत गेले. मग खूप शांत झालं, आणि त्या शांततेत, फार खालून, पण परसातच, कुणीतरी खोकलं.

"डॉक्टर," मार्ना म्हणाली, "माझ्या वडिलांचा खोकला एकदा सरोवरात पडला होता."

डॉक्टरांचा हात दाराच्या मुठीवर होता. बाहेर रांग होती, सगळं गाव होतं, वर्षाचे शेवटचे दिवस होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग मूठ सोडली आणि चाकांचं स्टूल ओढून बसले.

"मग?"

"मग तो एका माशानं गिळला," मार्ना सांगायला लागली. गोष्ट लांब होती. तिला ती सगळी येत होती. मांजर येत होतं, भोकं येत होती, बर्फाला लावलेला कान येत होता. फक्त तो मासा शेवटी वर कसा काढायचा, ते बाबांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि ती हळूहळू, एकेक पाऊल बघून टाकत, त्या जागेकडे निघाली होती. डावा हात तिनं मोकळा सोडला होता.